ट्विंकी टिकते कशी आणि कोणासाठी?

२०२० साली, करोनाच्या बंदिस्त दिवसांत, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका गृहस्थांना गोड खाण्याची हुक्की आली. घरात दुसरे काही नव्हते. तळघरात मात्र आठ वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये घेऊन ठेवलेला ‘ट्विंकी’ या केकचा खोका होता. ट्विंकी कधी खराब होत नाही, अशी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. त्या भरवशावर त्यांनी एक उघडून घास घेतला आणि लगेच पस्तावले. चव आणि वास दोन्ही बिघडलेले होते. मग त्यांनी बाकीच्या नीट पाहिल्या. एकीवर काळपट गोल डाग होता. दुसरी तर आक्रसून, सुरकुतून एखाद्या ममीसारखी झाली होती, आणि तिचे वेष्टन आतून कुणी हवा ओढून घ्यावी तसे तिच्या अंगाला चिकटले होते.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील बुरशीच्या अभ्यासकांनी हे नमुने मागवून घेतले. आक्रसलेली ट्विंकी इतकी कडक झाली होती, की आतला नमुना काढण्यासाठी त्यांनी अस्थिमज्जा तपासताना डॉक्टर वापरतात ते उपकरण वापरले. डागवाल्या केकवर सापडली ‘क्लॅडोस्पोरियम’ जातीची बुरशी. ही काही दुर्मीळ चीज नव्हे, आपल्या घरातल्या हवेतही ती असते. थोडक्यात, अमर समजल्या गेलेल्या केकला साध्या घरगुती बुरशीने गाठले होते.

ट्विंकी आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही, पण इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांनी ती नक्की पाहिली असेल. ‘डाय हार्ड’मधला तो जाडगेला पोलीस दुकानातून तिची बोचकी घेऊन बाहेर पडतो, ‘झोंबीलँड’मध्ये जग बुडाल्यावरही एक पात्र तिच्या शोधात वणवण फिरते. बोटभर लांबीचा, पिवळसर, मऊ स्पंज केक आणि आत पांढरे क्रीम, एवढाच हा पदार्थ. तरीही आधुनिक खाण्याविषयीच्या आपल्या जवळजवळ सगळ्या गैरसमजुती त्याला येऊन चिकटल्या आहेत. म्हणूनच त्याचा इतिहास सांगण्याजोगा वाटतो. शिवाय या इतिहासात आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणारा दहा रुपयांचा केकही थोडाफार सापडतो.

सुरुवात अगदी काटकसरीची आहे. १९३० साली, मंदीच्या तोंडावर, शिकागोजवळ कॉन्टिनेन्टल बेकिंग कंपनीच्या बेकरीत जेम्स ड्युअर नावाचे व्यवस्थापक होते. तरुणपणी घोडागाडीतून बेकरीचा माल पोहोचवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. बेकरीत स्ट्रॉबेरी भरलेले लांबट छोटे केक होत. त्यासाठी खास साचे होते. पण स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की साचे धूळ खात पडत. ड्युअर यांनी विचार केला, की याच साच्यांत बारमाही मिळणाऱ्या केळ्याचे क्रीम भरलेला केक का करू नये? दोन केक पाच सेंटला. नाव सुचले ते सेंट लुईसला जाताना रस्त्यात दिसलेल्या ‘ट्विंकल टो’ बुटांच्या जाहिरात फलकावरून. म्हणजे साचे उसने, नाव बुटांचे आणि फळ जे मिळेल ते. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत केळ्यांची टंचाई झाली तेव्हा क्रीम व्हॅनिलाचे झाले, आणि ते लोकांना एवढे आवडले की युद्ध संपले तरी केळे काही परतले नाही.

या पहिल्या ट्विंकीत अंडी, दूध, लोणी असे आपल्या ओळखीचे जिन्नस होते, आणि ती दोन-तीन दिवसांत शिळी व्हायची. खाणाऱ्याला त्यात गैर काही वाटण्याचे कारण नव्हते. केक शिळा होतोच. अडचण होती ती विकणाऱ्याची. विक्रेत्याने दर दोन दिवसांनी दुकानात जायचे, न खपलेला माल उचलायचा, नवा ठेवायचा. प्रत्येक फेरीला गाडी, चालक, इंधन आणि परत आलेल्या मालाचा तोटा. पदार्थ चार दिवस जास्त टिकला, तर तोच केक आणखी लांबच्या गावी जातो. पंधरा दिवस टिकला, तर एकाच कारखान्यातून अनेक राज्यांत जातो. पुढच्या काळात ट्विंकीत जे जे बदल झाले, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या हिशेबात आहे.

आता प्रश्न, ती टिकते कशी? आमच्या इमारतीतल्या वहिनींनी परवा मला असाच एक पुडा दाखवून विचारले, “काका, यात प्रिझर्व्हेटिव्ह किती भरतात हो?” मी आयुष्यभर अन्नतंत्रज्ञान शिकवले असल्याने जिन्यात असे प्रश्न येतात. मी त्यांना म्हटले, “वहिनी, तुमच्या मुरांब्यात किती प्रिझर्व्हेटिव्ह असतं?” त्या हसल्या. पण उत्तर त्यातच आहे.

मुरांबा वर्षभर टिकतो, कारण त्यातले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला नुसते पाणी असून भागत नाही, ते मोकळे असावे लागते. साखर, मीठ, ग्लिसरिन असे पदार्थ पाण्याला बांधून ठेवतात. मग पदार्थ ओलसर, मऊ लागतो, पण जंतूंच्या दृष्टीने तो वाळवंट असतो. पावाची लादी चार दिवसांत बुरसते आणि पाकातला लाडू आठवडाभर चांगला राहतो, त्याचे कारण हेच. ट्विंकीही मुख्यतः मुरांब्याच्या वाटेने टिकते. भरपूर साखर, मक्यापासून केलेला गोड पाक, शिवाय हवा आणि ओल अडवणारे घट्ट वेष्टन. ज्याला खऱ्या अर्थाने परिरक्षक म्हणता येईल असे तिच्यात बराच काळ एकच रसायन होते, सॉर्बिक ॲसिड, तेही अत्यल्प प्रमाणात, बुरशीला आळा घालण्यापुरते. ते प्रथम वेगळे केले गेले १८५९ मध्ये, रोवन नावाच्या झाडाच्या फळांतल्या तेलातून. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचा भरपूर अभ्यास झाला आहे. पुड्यातल्या सगळ्या जिनसांत मला सर्वांत कमी धास्ती कशाची वाटत असेल, तर ती याची.

बुरशी हा झाला अर्धा प्रश्न. केक बुरसला नाही तरी चिवट, कोरडा होतो, कारण शिजलेला स्टार्च हळूहळू पुन्हा कडक रचना धरू लागतो. सकाळची भाकरी रात्री वातड होते ती याच कारणाने. लोणी आणि अंड्यातला बलक या प्रक्रियेला थोडे थोपवतात, पण तेच लवकर खवट होतात किंवा नासतात. त्यामुळे त्यांना काढून किंवा कमी करून त्यांची कामे दुसऱ्यांना वाटून दिली गेली. मऊपणा टिकवण्याचे काम मोनो आणि डायग्लिसराइड या पायसीकारकांनी घेतले. क्रीमचा गुळगुळीतपणा सेल्युलोजच्या गोंदाने आणि घट्ट चरबीने. दुधाच्या क्रीमची जागा चरबी आणि साखरेच्या फेसाने घेतली, जो फ्रिजबाहेर नासत नाही. स्टीव्ह एटलिंगर या लेखकाने एका ट्विंकीतला एकेक घटक कुठून येतो याचा माग काढत आख्खे पुस्तक लिहिले, ते २००७ मध्ये आले. त्या शोधात त्याला शेतांइतक्याच खाणींत आणि रसायनांच्या कारखान्यांत फिरावे लागले. काहींना हे वाचून शिसारी येते. मला स्वतःला येत नाही. खाण्याचा सोडा आपणही वापरतो आणि तो काही झाडाला लागत नाही. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो पोटात गेल्यावर काय करतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आणि त्या कसोटीवर या यादीतला खरा खलनायक वेगळाच निघाला. अंशतः हायड्रोजनीकरण केलेले तेल, म्हणजे आपल्या ओळखीच्या वनस्पती तुपाचा भाऊ. ते स्वस्त, घट्ट आणि महिनोन्‌महिने खवट न होणारे. टिकाऊपणासाठी यासारखी सोय नाही. त्यातली ट्रान्स फॅट मात्र रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले घटवते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अशी तेले सुरक्षित मानता येणार नाहीत असे ठरवले आणि २०१८ पासून ती अन्नातून हद्दपार होऊ लागली. भारतात ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांवर आली. लोक पन्नास वर्षे सॉर्बिक ॲसिडला घाबरत होते, आणि काम करत होती ती चरबी. (याच चरबीच्या रकान्यात ट्विंकीच्या वेष्टनावर बराच काळ ‘बीफ फॅट’ असेही लिहिलेले असे. अमेरिकेत नव्याने गेलेल्या आपल्या शाकाहारी मंडळींना केकवर असा मजकूर वाचण्याची सवय नसते. आपल्याकडे हिरवा ठिपका आणि तपकिरी त्रिकोण पाहून काम भागते, तिथे अशा खुणा नसतात.)

ट्विंकीवर चुकीचा आळ येण्याची ही एकच वेळ नव्हे. सर्वांत गाजलेला आळ तर थेट न्यायालयातला आहे. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची डॅन व्हाइट या माजी सहकाऱ्याने गोळ्या घालून हत्या केली. पुढच्या वर्षी खटल्यात व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची सौम्य शिक्षा झाली. शहरात दंगल उसळली. वर्तमानपत्रांनी या बचावाला नाव दिले ‘ट्विंकी डिफेन्स’. केक खाऊन माथे फिरले म्हणून आरोपी सुटला, अशी कथा जगभर पसरली. प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञाच्या साक्षीचा रोख वेगळा होता. एरवी तब्येतीला जपणारा हा माणूस अबरचबर खाऊ लागला होता, हे त्याच्या नैराश्याचे एक लक्षण होते, असा तो युक्तिवाद. साखरेमुळे मनःस्थिती बिघडू शकते, असाही एक ओझरता उल्लेख झाला, पण बचाव त्यावर उभा नव्हता. खाणे लक्षण होते, ते कारण बनून लोकांच्या लक्षात राहिले. आजही मुलगा दंगा करतो तो गोड खाल्ल्याने, असे ठामपणे सांगणारे पालक भेटतात. मुलांना साखर दिली आहे की गोडी देणारा दुसरा पदार्थ, हे कुणालाच कळू न देता केलेल्या चाचण्यांत हा संबंध टिकलेला नाही.

मग २०१० मध्ये याच केकला निर्दोष ठरवणारेही भेटले. कॅन्सस स्टेट विद्यापीठातील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी दहा आठवडे बहुतांश ट्विंकी आणि तसल्याच पुड्यातल्या खाऊवर काढले. दिवसाला १८०० कॅलरींच्या आत राहायचे, एवढाच नियम. वजन २७ पौंडांनी, म्हणजे सुमारे १२ किलोंनी उतरले. कोलेस्टेरॉलचे आकडेही सुधारले. बातमी झाली, ‘ट्विंकी खा, बारीक व्हा’. बातमीच्या तळाशी राहिले ते असे, की त्यांचे साधारण दोन-तृतीयांश खाणेच तसले होते, सोबत भाज्या, प्रथिनांचे पेय आणि जीवनसत्त्वाची गोळी होती. आणि मुख्य म्हणजे ते एक शिस्तीचे, मोजून खाणारे पोषणतज्ज्ञ होते. मोजून खाल्ले तर वजन उतरते, हे त्यांनी दाखवले. पण असा पदार्थ समोर असताना माणूस मोजून खातो का?

त्याचे उत्तर ज्या प्रयोगात मिळते, तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. २० प्रौढ माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे शिजवलेले. ताटात वाढलेली साखर, चरबी, मीठ, तंतू आणि कॅलरी दोन्हीकडे सारख्या ठेवल्या होत्या. हवे तेवढे खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या दोन आठवड्यांत लोकांनी रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. साध्या अन्नावर जवळपास तेवढेच उतरले. त्यांना ते अन्न जास्त चविष्ट लागत होते असेही नाही, चवीला त्यांनी दोन्हींना सारखेच गुण दिले. पण ते भरभर खाल्ले जात होते. मऊ, कमी चावावे लागणारे, एका घासात पुष्कळ ऊर्जा देणारे अन्न पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचण्याआधीच संपते.

प्रयोग छोटा आहे, चार आठवड्यांचा आहे, हे खरे. तरी मला त्यात ट्विंकीच दिसते. एका ट्विंकीत १३५ ते १५० कॅलरी, म्हणजे दीड पोळीइतकी ऊर्जा, चार घासांत. पुड्यात दोन असतात, १९३० पासून. एक खाऊन दुसरी ठेवून देणारा माणूस विरळाच. आणि हा मऊपणा काही अपघाताने आलेला नाही. महिनाभरानंतरही ती पहिल्या दिवसाइतकी मऊ लागावी, यासाठीच एवढा खटाटोप झाला. ज्या गुणाने ती दुकानात टिकते, त्याच गुणाने ती हातात टिकत नाही.

टिकाऊपणाचा फायदा कोणाला, हे तर २०१२ मध्ये उघड्यावर आले. ट्विंकी करणारी होस्टेस कंपनी कर्जात बुडाली होती. वेतन आणि निवृत्तिवेतनातील कपातीवरून बेकरी कामगारांनी संप केला, कंपनीने नोव्हेंबरमध्ये टाळे लावायचे ठरवले आणि १८ हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. लोकांनी दुकानांत रांगा लावून शेवटचे पुडे घेतले. सुरुवातीच्या त्या तळघरातला खोका त्याच वेळचा. २०१३ मध्ये दोन गुंतवणूकदार कंपन्यांनी केकचा हा व्यवसाय ४१ कोटी डॉलरना विकत घेतला आणि त्या जुलैत ट्विंकी परतली. तोवर तिचे आयुष्य साधारण २५ दिवसांवरून ४५ दिवसांवर गेले होते, नंतर ते ६५ दिवसांपर्यंत वाढवण्यात आले. खाणाऱ्याला या वाढीव दिवसांचा काही उपयोग नव्हता. पुडा घरी आणल्यावर कोण ६५ दिवस थांबतो? पण आता माल कंपनीच्या हजारो गाड्यांनी दुकानोदुकानी फिरवण्याची गरज उरली नाही. तो मोठ्या गोदामांत टाकला की काम झाले. नव्या कंपनीने कामावर घेतलेल्यांची संख्या जुन्यांच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. २०२३ मध्ये हीच कंपनी ५६० कोटी डॉलरना पुन्हा विकली गेली.

आपल्याकडे पुड्यातले केक काही महिने टिकतात, तेही भर उन्हाळ्यात, टपरीवर. विज्ञान तेच आहे, फक्त ऊन जास्त आहे. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे कुणी वेष्टनावर ठळक छापले, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. माझा आक्षेप या निःश्वासाला आहे. परिरक्षक नसेल तर टिकवण्याचे काम बहुधा जास्तीच्या साखरेने, ग्लिसरिनने आणि वेष्टनाने केलेले असते. भारतीय नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिली तीन नावे वाचली, तर मैदा, साखर आणि तेल यांचीच भेट होण्याची शक्यता जास्त. पण ही यादी मागे, मुंगीच्या अक्षरात असते, आणि पुढे असते फळांचे चित्र. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये पुड्याच्या पुढच्या बाजूला ताऱ्यांची मानांकन पद्धत सुचवली. मला ती पटत नाही. साखरेने भरलेल्या केकलाही अर्धा-एक तारा मिळणार, आणि तारा म्हटला की मूल त्याला बक्षीसच समजणार. चिलीने २०१६ पासून ‘साखर जास्त’, ‘कॅलरी जास्त’ असे सांगणारे काळे अष्टकोन पुढच्या बाजूला सक्तीचे केले. लहान मुलालाही तो काळा ठप्पा कळतो. आपल्यालाही तेच हवे.

वहिनींबरोबर मी तो पुडा जिन्यातच वाचला. मैदा, साखर, पामतेल. साखरेचा आकडा शंभर ग्रॅममागे दिलेला, पुड्याचे वजन दुसऱ्याच कोपऱ्यात, त्यामुळे गुणाकार करावा लागला. “म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह राहिलं बाजूलाच,” त्या म्हणाल्या. मग घरात नेऊन त्यांनी माझ्यापुढे रव्याच्या लाडवांचा डबा उघडला. त्यातही साखर काही कमी नव्हती, तूप तर त्या केकपेक्षा जास्तच असेल, आणि हे मी त्यांना सांगितलेही. त्या म्हणाल्या, “असू दे हो. रविवारी पंधरा वळले होते, हे शेवटचे दोन. आता दिवाळीपर्यंत कोण वळत बसतंय!”